साडेचारला पेटलेला माणूस

विमा कंपनीच्या कचेरीतून फोन आला. पलीकडचा मुलगा गोंधळलेला होता. "सर, फाइलमध्ये आगीच्या दोन वेळा आहेत. वॉचमन म्हणतो रात्री सव्वाअकरा. सुपरवायझरच्या जबाबात मात्र दुपारी साडेचारला पेटल्याचं आहे. नक्की कुठली धरायची?" मी जबाब काढून वाचला. वाक्य असं होतं: 'दुपारी साडेचारच्या सुमारास मिस्त्री एकदम पेटला व सर्वांसमक्ष आग ओकू लागला.' मुलाने घाईत 'पेटला' एवढंच उचललं होतं आणि तक्त्यात टाकलं होतं.

हसून सोडून देण्यासारखाच प्रकार. पण कारखान्यातल्या माणसांनीही थोड्याफार फरकाने हेच केलं होतं, आणि त्यांच्यावर हसता येत नव्हतं, कारण त्यापायी एक माणूस पोलीस ठाण्यात बसून आला होता.

आगीचं कारण शोधणं हे माझं काम. आग विझलेली असते, सगळ्यांची मतं बनून झालेली असतात, मग मी पोचतो. लोकांना वाटतं आम्ही थेट सगळ्यात जास्त जळालेल्या जागी जाऊन उभे राहतो. प्रत्यक्षात सगळ्यात कमी जळालेल्या बाजूने आत शिरायचं असतं आणि खुणा वाचत जास्त जळालेल्याकडे सरकायचं असतं. पुढचे सगळे तास उकिडवं बसून खुरपं, ब्रश आणि चाळणीने राख थराथराने काढण्यात जातात. वर छपराचं, मग सामानाचं, तळाशी जमीन. कशावर काय पडलं यावरून आधी काय जळालं ते कळतं, म्हणून राखेचा क्रम बिघडू द्यायचा नाही.

इथे तो आधीच बिघडलेला होता. अग्निशमन दलाने आग विझवली, ती उत्तम विझवली, आणि मग पुन्हा पेट घेऊ नये म्हणून पॉलिश विभागातला अर्धा मलबा फावड्याने खिडकीतून अंगणात लोटला. त्यांना दोष देत नाही. आत निखारे ठेवून ते कसे जातील? पण लोटण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढायला किती वेळ लागतो, हा प्रश्न मी इतक्या वर्षांत इतक्या अधिकाऱ्यांना विचारलाय की आता विचारायची लाज वाटते.

कारखाना लाकडी फर्निचरचा. पुढे सुतारकाम, मध्ये पॉलिश, आणि मागे जाड भिंतीपलीकडे थिनरची खोली. थिनरच्या ड्रमांवर ज्वालेचं चित्र असलेला लाल किनारीचा चौकोन आणि खाली ठळक अक्षरांत 'ज्वालाग्राही'. मी ड्रम बघत होतो तेव्हा सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "ही पाटी ड्रमावर कशाला साहेब? त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर लावायला पाहिजे. ड्रमापेक्षा तोच जास्त ज्वालाग्राही आहे." आजूबाजूचे हसले. हे वाक्य त्याने आधीही कुणाकुणाला ऐकवलं असणार. फार घोटलेलं होतं.

म्हातारा म्हणजे पॉलिशचे मिस्त्री. ओव्हरटाइमचे पैसे अडकले होते. त्या दुपारी मालक विभागात आले तेव्हा मिस्त्रींनी सगळ्यांसमोर विचारलं, शब्दाला शब्द वाढला, आणि ते म्हणाले, "माझे पैसे द्या, नाहीतर एक दिवस हे सगळं जाळून टाकीन." ऐकणारे सहा-सात जण, आणि प्रत्येकाच्या जबाबात हे वाक्य जसंच्या तसं. बाकी मजकूर मात्र बघण्यासारखा होता. मिस्त्री 'भडकला', 'तडकला', 'डोक्यात राख घातली', 'डोळ्यांतून अंगार', 'धुमसत धुमसत गेला'. पंधरा पानांत प्रत्यक्ष आगीपेक्षा मिस्त्रीच जास्त पेटलेले. जबाब लिहून घेणाऱ्यानेही हात सैल सोडला होता. 'आग ओकू लागला' ही भाषा सुपरवायझरची नव्हे, ती लिहिणाऱ्याचीच.

रागावलेली माणसं काय काय जाळतात हे ऐकायचं तर कुठल्याही घरात संध्याकाळी कान द्यावा. नोकरीला आग लागते, पैशाला आग लागते, जिभेला हाड नसतं. पण ज्याच्या तोंडून हे गेलं त्याच रात्री खरोखर आग लागली की ते वाक्य बोलणं राहत नाही, कबुली होतं.

माझ्या आधी एक तज्ज्ञ जागा बघून गेले होते. पॉलिशच्या टेबलाजवळ जमिनीवर वेडावाकडा काळा डाग होता, कडा तुटक, डबक्यासारखा. त्यांनी तिथेच सांगून टाकलं, "ओतलंय." या एका शब्दाने आमच्या धंद्यात फार नुकसान केलं आहे. खोली पुरेशी तापली की छताखाली साठलेल्या गरम धुराच्या उष्णतेने खालचं सगळं जवळजवळ एकाच वेळी पेटतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर जमिनीवर असे डाग कुठेही पडतात. वरून वितळून ठिबकलेल्या फोमचेही पडतात. टेक्सासमध्ये १९९१ च्या एका घराच्या आगीत तीन लहान मुली गेल्या. जमिनीवरच्या अशाच डागांवरून 'ओतलंय' ठरलं, बापाच्या वागण्याबोलण्याची त्याला जोड दिली गेली, आणि २००४ मध्ये त्या बापाला, कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमला, मृत्युदंड झाला. ते डाग काहीच सिद्ध करत नव्हते, असं त्याच्या आधी आणि नंतरही आगीच्या शास्त्रज्ञांनी लिहून दिलं. तज्ज्ञमहाशयांना हे प्रकरण माहीत होतं. तरीही म्हणाले, "इथे धमकी आहे ना पण." तिथेही माणसाचा स्वभावच पुरावा झाला होता, हे मी त्यांना म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं असंही नाही. त्यांनी ऐकलं नसतं.

मालकांचा दुसरा आग्रह असा की, मिस्त्री नसतील तर शॉर्ट सर्किट. शॉर्ट सर्किट हे आगीच्या कारणांतलं 'इतर' आहे. काही सुचलं नाही की तिथे खूण करतात. जळालेल्या तारेवर तांब्याचे मणी दिसले की सगळे खूश होतात. पण बाहेरच्या आगीने तारेचं आवरण जळालं, दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तरीही मणी तयार होतातच. इथे मणी फक्त छताजवळच्या वायरीवर होते, आणि खाली टेबलाजवळचा स्विचबोर्ड आतून स्वच्छ होता.

मला उपयोगी पडला तो वॉचमनचा मोबाइल. बंब येण्याआधी त्याने खिडकीबाहेरून एक फोटो काढला होता, धुरकट, थोडा हललेला. त्यात ज्वाळा खोलीच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, टेबलाच्या पायाशी दिसत होत्या. बाकी खोली अजून काळोखात. थिनरची खोली उजवीकडे मागे, म्हणजे त्या कोपऱ्यापासून सगळ्यात लांब. ड्रम उष्णतेने थोडे फुगले होते, पण झाकणं घट्ट आणि सगळे भरलेले. लाल पाटीवाल्या एकाही ड्रमाने त्या रात्री काही केलं नव्हतं. "त्या कोपऱ्यात काय असतं?" मी विचारलं. "काही नाही साहेब. कचऱ्याचं खोकं. फडकी वगैरे."

फडकी कशाची, तर जवसाच्या तेलाची. डबल बॉइल्ड तेल. लाकडाला पॉलिशआधी चोळतात. त्याचे डबे शेजारच्या फळीवर होते आणि त्यांवर लाल चौकोन नव्हता. नसणं नियमाला धरूनच होतं. आमच्याकडे 'ज्वालाग्राही' हा मोजून वापरायचा शब्द आहे. द्रव हळूहळू तापवत न्यायचा, वर छोटी ज्योत फिरवायची. ज्या तापमानाला वरची वाफ क्षणभर भपकन पेटते तो त्याचा फ्लॅश पॉइंट. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत २३ अंश सेल्सियसच्या खाली, मग ६० पर्यंत, मग ९३ पर्यंत अशा पायऱ्या आहेत. त्यापुढे गेलं की द्रवाचं नाव यादीतून बाहेर. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश, म्हणजे साध्या खोलीच्या हवेतही तो वाफ सोडून तयार बसलेला. जवसाच्या तेलाचा २०० च्याही पुढे. जळती काडी त्यात टाकली तर बहुधा विझेल.

पण ही चाचणी एकच गोष्ट विचारते: ज्योत जवळ आणली तर पेटशील का? ज्योतीशिवाय स्वतःहून तापशील का, हे ती विचारतच नाही. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होत जातं, आणि ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं. 'बॉइल्ड' तेलात लवकर वाळावं म्हणून धातूचे क्षार मिसळलेले असतात, त्यामुळे क्रिया आणखी जोरात. टेबलावर चोळलेल्या थराची उष्णता हवेत निघून जाते, कुणाला कळतही नाही. तेच तेल सुती फडक्यावर धाग्याधाग्यावर पसरलं, त्या फडक्यांचा बोळा झाला, बोळ्यांचा ढीग झाला, की मधल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट उरत नाही. ऊब वाढते, उबेने क्रिया वाढते, क्रियेने ऊब. दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट. ढीग फार सैल असेल तर गार होत राहतो, फार आवळला तर आत हवा पोचत नाही. मधला कुठलातरी दाब घातक. काही तासांत मध्यावर फडकं काळं पडतं, धुमसतं, आणि वरच्या थरापर्यंत आलं की ज्वाळा. सहाला काम संपलं, सव्वाअकराला ज्वाळा दिसल्या. वेळ अगदी बसत होती.

हे मालकांना सांगितलं तर ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी भुताटकीचं कारण दिलं. "फडकी? आपोआप?" मी त्यांना फिलाडेल्फियाच्या वन मेरिडियन प्लाझाबद्दल सांगितलं. ३८ मजली इमारत, २३ फेब्रुवारी १९९१. बाविसाव्या मजल्यावर भिंतींवरच्या लाकडी आवरणाची साफसफाई आणि पॉलिश चालू होतं, जवसाच्या तेलाची फडकी तिथेच राहिली. आग एकोणीस तासांच्या आसपास चालली, तीन अग्निशामक गेले, आणि ती थांबली तिसाव्या मजल्यावर, कारण तिथे स्प्रिंकलर बसवलेले होते. दहा स्प्रिंकलरनी जे केलं ते शेकडो माणसांना करता आलं नव्हतं. मालकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तिथे कुणी धमकी दिली नव्हती ना?"

पाट्यांवरून माणसं कशी वागतात याचं सगळ्यात चांगलं निरीक्षण आमच्याच धंद्यातल्या माणसाचं आहे. बेंजामिन ली व्होर्फ भाषाशास्त्रज्ञ म्हणून ओळखला जातो, पण पोटासाठी तो हार्टफर्डच्या अग्निविमा कंपनीत आगी टाळण्याचं काम करायचा. त्याच्या ध्यानात आलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात. खरं तर वाफेने भरलेलं रिकामं पिंप जास्त घातक. या कारखान्यातही थिनरच्या खोलीत विडीला बंदी होती, कुलूप होतं, वाळूच्या बादल्या होत्या. तेलाच्या फडक्यांसाठी पुठ्ठ्याचं खोकं होतं. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत फडक्यांबद्दलचा इशारा छापलेला होता. सुपरवायझरला मी तो दाखवला तेव्हा त्याने आधी डबा फिरवून पुढचं नाव वाचलं, बरोबर डबा आहे ना म्हणून.

मग अंगणातला ढीग. तो चाळणं हे त्या दिवसाचं खरं काम. नमुना पिशवीत भरायचा नाही. साध्या प्लास्टिकमधून वाफा निघून जातात. न वापरलेले, घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे लागतात, आणि प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. संध्याकाळच्या सुमाराला चाळणीवर एक गोळा आला, दोन मुठींएवढा, दाबलेल्या कापडाचा. उलगडला तर बाहेरच्या घड्यांवर कापडाची वीण अजून ओळखू येत होती, आणि आतला गाभा पार कोळसा, मध्यावर राखाडी. बाहेरून जळालेलं कापड याच्या उलट दिसतं. इतका सुंदर नमुना हातात क्वचित येतो. मी तो तसाच उलगडून, मापपट्टी शेजारी ठेवून, सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि मग डबाबंद केला. तो खोलीत, कोपऱ्यात, जागेवर सापडला असता तर पुढचं सगळं सोपं होतं.

प्रयोगशाळेकडून पहिला अहवाल आला: थिनर सापडलं. तज्ज्ञमहाशयांचा लगेच फोन. पॉलिशच्या कारखान्यात थिनर सापडणार नाही तर कुठे सापडणार? मी न जळालेल्या टोकाकडची जमीन खरवडून तुलनेसाठी नमुना दिला होता, त्यातही थिनर होतं. आणि आगीच्या नमुन्यांची नेहमीची तपासणी पेट्रोल, रॉकेल, थिनर अशा उडणाऱ्या द्रवांसाठीच असते. जवसाचं तेल त्या यंत्रातून दिसत नाही. त्यातली स्निग्धाम्लं रासायनिक क्रियेने बदलून वेगळी तपासावी लागतात, आणि ती कुणी मागितल्याशिवाय केली जात नाहीत. मी मागितली. गोळ्यात जवसाचं तेल निघालं. पण तेही त्या खोलीत असणारच होतं, हे मीच आधी म्हणणार.

म्हणून करून बघितलं. तेच तेल, त्याच प्रकारची फडकी, तशीच खोकी, मध्यावर तापमान मोजणाऱ्या तारा. पसरून टाकलेली फडकी रात्रभर खोलीइतकीच थंड. एका खोक्यातला ढीग थोडा तापून उतरला. दुसऱ्यात, जिथे मी ती हाताने दाबून बसवली होती, आकडा चढतच गेला, उग्र तेलकट वास सुटला, आणि मध्यरात्रीच्या आधी धूर. शेजारी पाण्याची नळी घेऊन उभा असताना मला जो आनंद झाला तो आमच्याच लोकांना कळेल.

दाबून का बसवली, तर मिस्त्रींनी सांगितलं होतं म्हणून.

त्यांना मी त्यांच्या घरी भेटलो. पोलिसांनी एक रात्र बसवून सोडलं होतं. माणूस खरंच तापट. माझ्याशी बोलतानाही दोनदा आवाज चढला. फडक्यांचं विचारलं तर म्हणाले, "रोज मी तारेवर पसरतो, बाहेर. माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं, तेलाचं फडकं बोळा करून ठेवायचं नाही. का ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मोठं टेबल होतं, फडकी खूप झाली. डोकं फिरलेलं होतं. म्हटलं मरो ते. सगळी खोक्यात कोंबली, वरून पाय दिला आणि निघालो." मग माझ्याकडे बघून, एकदम हळू: "साहेब, लागली की लावली, एवढं सांगा."

"लागली," मी म्हणालो.

अहवालात मी लिहिलं की तेलाने भिजलेली फडकी स्वतःहून तापून पेटणं हे सर्वाधिक संभाव्य कारण आहे आणि हेतुपुरस्सर आग लावल्याला आधार मिळत नाही. फडकी नेहमी पसरली जात, त्या दिवशी पसरली गेली नाहीत, खोक्यात दाबून भरली गेली, हेही लिहिलं, कारण त्यावाचून माझी सगळी मांडणी लंगडी. कारखान्यात वीस-पंचवीस माणसं, विमा, परवाने, पाट्या, आणि एवढ्या सगळ्या वर्षांत आग लागली नव्हती ती एका तापट माणसाने कारण माहीत नसताना पाळलेल्या सवयीमुळे. ती सवय कुठल्याही कागदावर नव्हती. तो माणूस रजेवर गेला असता तरी हेच झालं असतं. मिस्त्रींचा राग मात्र मी अहवालात घातला नाही. जबाबांत तो ओसंडून वाहत होताच.

आता मालकांच्या वकिलांचं पत्र आलं आहे, एकाच प्रश्नाचं: त्या दिवशी फडकी न पसरण्याचं कारण काय? हुशार माणूस आहे. सुपरवायझरचं 'पेटला' त्याला माझ्या हातून, माझ्या सहीने, दुसऱ्या दाराने आत आणायचं आहे. आणि अडचण ही की ते पूर्ण खोटंही नाही. राग आला नसता तर फडकी तारेवर असती. पैसे वेळेवर दिले असते तर राग आला नसता, असंही मग लिहावं लागेल, आणि कारणांची ही साखळी कुठे तोडायची हे रसायनशास्त्र सांगत नाही.

उत्तराच्या मसुद्यात सध्या दोन ओळी आहेत. फडक्यांसाठी झाकणाचा लोखंडी डबा पुरवलेला नव्हता. फडकी पसरण्याचं काम कुणालाही नेमून दिलेलं नव्हतं. मिस्त्रींशी झालेल्या बोलण्याचं टिपण माझ्याकडे आहे, त्यात 'डोकं फिरलेलं होतं' हे शब्द आहेत, आणि मागितलं तर ते द्यावंच लागेल. वकिलांनी अजून टिपण मागितलेलं नाही. फक्त कारण विचारलं आहे. मिस्त्रींना कामावर परत घेतलेलं नाही, ओव्हरटाइमचे पैसेही अजून दिलेले नाहीत. तिसऱ्या ओळीत यातलं काय लिहायचं, ते सोमवारपर्यंत ठरवायचं आहे.